वाटाण्याएवढी शी आणि एक फोन : तान्ह्या बाळाच्या बोटुलिझमचे वीस दिवस

१५ ऑक्टोबर २०१९ च्या रात्री आमचं साडेतीन महिन्यांचं बाळ कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोभोवतालच्या बे एरियातल्या एका हॉस्पिटलात दाखल झालं आणि ४ नोव्हेंबरला घरी आलं. आजाराचं नाव इन्फंट बोटुलिझम. तेव्हा रात्री-बेरात्री मराठीत शोधून काही हाती लागलं नव्हतं, आणि इंग्रजीत जे मिळालं ते एक तर डॉक्टरांसाठी लिहिलेलं किंवा नुसतंच घाबरवणारं. म्हणून तारखांसकट लिहून ठेवते आहे. बाळ पूर्ण बरं झालं, हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं धडधड न होता वाचता येईल.

सुरुवात शीपासून झाली. ५ ऑक्टोबरनंतर डायपर नुसते ओले. अंगावर पिणारी बाळं आठवडाभर शी न करताही मजेत असतात, हे खरंच आहे, आणि म्हणूनच या आजाराचा पहिला आठवडा कुणाच्याही हातून निसटतो. एकटं बद्धकोष्ठ म्हणजे काहीच नाही. त्याला पुढची लक्षणं येऊन मिळायला लागली, की मात्र दिवस नाही, तास मोजायचे.

११ तारखेपासून दूध पिण्याचा वेळ वाढला. आधी बारा-पंधरा मिनिटांत उरकणारं बाळ चाळीस मिनिटं लागलेलंच, आणि नंतर पंप लावला तर ८०-९० मिली दूध शिल्लक. म्हणजे तोंड लावून होतं, पण ओढत नव्हतं. ओठांच्या कोपऱ्यातून दूध ओघळायचं. रडणं बारीक झालं, मांजराच्या पिल्लासारखं. हसू गेलं. हे आम्हाला सगळ्यात उशिरा कळलं, कारण चेहरा कोरा झाला तरी बाळ जागं होतं, आवाजाकडे लक्ष देत होतं. आम्हाला वाटलं झोप अपुरी आहे. १३ तारखेला पापण्या अर्ध्यावर आल्या आणि नुकतीच धरलेली मान पुन्हा पडायला लागली. ताप अजिबात नव्हता.

हा क्रम लक्षात ठेवा : आधी डोळे, चेहरा, घसा, मग मान, मग हात, मग पाय. वरून खाली, आणि दोन्ही बाजूंना सारखं. एकच पापणी किंवा एकच हात लुळा पडला तर डॉक्टर वेगळ्या दिशेने शोध घेतात.

सोमवारी, १४ तारखेला क्लिनिकमध्ये गेलो. वजन ६.१ किलो, दोन आठवड्यांपूर्वीपेक्षा १५० ग्रॅम कमी. बद्धकोष्ठ असं ठरलं आणि थोडा प्रूनचा रस व ग्लिसरीनची कांडी सांगून आम्हाला घरी पाठवलं. राग धरण्यात अर्थ नाही. अमेरिकेतसुद्धा बहुतेक बालरोगतज्ज्ञांच्या अख्ख्या कारकिर्दीत असं एखादंच बाळ येतं, नाहीतर तेही नाही. पण दोन गोष्टी तेव्हा माहीत हव्या होत्या. एक, ग्लिसरीनच्या कांडीने पुढे प्रयोगशाळेतल्या तपासणीत अडथळा येऊ शकतो, त्यामुळे शंका असेल तर ती टाळावी. दुसरी, व्हिडिओ. फोनमध्ये दोन आठवड्यांपूर्वीचं सणसणीत रडणं होतं आणि कालचं केविलवाणं होतं. ते दोन्ही लागोपाठ दाखवले असते तर कदाचित एक दिवस वाचला असता. ‘बाळ नीट रडत नाही’ हे वाक्य डॉक्टर दिवसातून दहा वेळा ऐकतात.

मंगळवारी संध्याकाळी दूध नाकातून आलं आणि बाळ घुसमटलं. तडक इमर्जन्सीत गेलो. तिथे पहिले सहा तास जंतुसंसर्गाच्या शोधात जातात, आणि ते बरोबरच आहे. मलूल तान्हं बाळ म्हटलं की आधी सेप्सिस आणि मेंदूज्वर नाही ना, हे पाहावंच लागतं. रक्त, लघवी, पाठीच्या मणक्यातलं पाणी, सेफ्ट्रिॲक्झोनचा डोस. पाठीतलं पाणी स्वच्छ आलं. इथे एक प्रश्न आईबापांनी विचारायला हरकत नाही : ‘अँटिबायोटिक कुठलं देताय?’ जेंटामायसिनच्या गटातली औषधं नसेकडून स्नायूकडे जाणारा निरोप आणखी मंद करतात. बोटुलिझमच्या बाळाला ती दिली तर श्वास अचानक बंद पडू शकतो. आणि मूळ जीवाणू मारायला म्हणूनही अँटिबायोटिक देत नाहीत, कारण जीवाणू फुटला की आतलं विष आणखी मोकळं होतं.

पहाटे चार वाजता पीआयसीयूत, म्हणजे मुलांच्या अतिदक्षता विभागात हलवलं. ऑक्सिजन ९१ वर येत होता, म्हणून नाकातून जोराने ऑक्सिजन सोडणारा हाय-फ्लो लावला. तोंडाने दूध बंद, सलाइन चालू.

बोटुलिझम हा शब्द १६ तारखेला सकाळी अकराच्या सुमारास पहिल्यांदा आमच्या कानावर पडला. न्यूरॉलॉजीच्या डॉक्टरबाई आल्या, त्यांनी मशीन काही मागितलं नाही. खोलीतले दिवे बंद करायला सांगितले, पडदा ओढला आणि खिशातला पेनएवढा टॉर्च काढला. एका डोळ्यावर उजेड टाकला. बाहुली झटकन आकसली. टॉर्च बाजूला घेतला, बाहुली मोठी होऊ दिली, पुन्हा उजेड. असं घड्याळ लावून तीन मिनिटं. त्यांनी मला वाकून बघायला सांगितलं. पहिलं मिनिट काही वेगळं दिसलं नाही. दुसऱ्या मिनिटात बाहुली वेळ लावायला लागली, आणि शेवटी शेवटी नुसती हलल्यासारखी होऊन अर्धवटच लहान होत होती. मग त्यांनी हातमोजा घातलेलं बोट बाळाच्या तोंडात दिलं. दोन-तीनदा बऱ्यापैकी ओढलं, मग काहीच नाही. ‘दमतंय,’ त्या म्हणाल्या. स्नायू एकदा-दोनदा काम करतो आणि लगेच थकतो, ही या आजाराची खूण. पहिल्याच झलकेत बाहुली ‘नॉर्मल’ दिसते, आणि घाईत तेवढंच लिहिलं जातं.

मग त्यांनी व्हिडिओ मागितले. ते मात्र या वेळी आम्ही तयार ठेवले होते.

थोडं यामागचं कारण. मोठ्या माणसाला बोटुलिझम होतो तेव्हा बरेचदा तयार विषच पोटात जातं, नीट न टिकवलेल्या डबाबंद अन्नातून वगैरे. तान्ह्यांचं तसं नाही. त्यांच्या पोटात जातात ते क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम या जीवाणूचे बीजाणू, धुळीतून, मातीतून, कधी मधातून. असे बीजाणू आपण सगळेच गिळत असतो. पण आपल्या आतड्यात आधीच ठाण मांडून बसलेले इतर जीवाणू त्यांना रुजू देत नाहीत. तान्ह्याच्या मोठ्या आतड्यात ती जागा अजून मोकळी असते. बीजाणू तिथे रुजतात आणि विष बनवतात. म्हणून जवळजवळ सगळे रुग्ण वर्षाच्या आतले, आणि बरेचसे दोन ते चार महिन्यांच्या आसपासचे. गिळल्यापासून लक्षणांपर्यंत साधारण ३ ते ३० दिवस जातात. विष नसेच्या टोकात शिरून तिथलं एक प्रथिन तोडतं (ए प्रकारचं विष स्नॅप-२५ नावाचं), आणि मग स्नायूला हुकूम पोचवणारं ॲसिटिलकोलिन बाहेरच पडत नाही. स्नायू शाबूत, मेंदू शाबूत, मधला निरोप बंद. बाळाला सगळं ऐकू येतं, कळतं, दुखतं. नर्सेस म्हणूनच सारख्या त्याच्याशी बोलत होत्या.

आता फोनचं. इन्फंट बोटुलिझम वेगळा आजार म्हणून ओळखला गेला तो कॅलिफोर्नियातच, १९७६ मध्ये. त्यावरचं औषध, बेबीबिग, याचा परवानाही कुठल्या औषध कंपनीकडे नाही. तो कॅलिफोर्निया राज्याच्या आरोग्य विभागाकडे आहे. विभागाचा एक स्वतंत्र कार्यक्रम रिचमंड गावातून चालतो आणि त्यांचे डॉक्टर चोवीस तास फोनवर असतात. औषध दुकानात, हॉस्पिटलच्या कपाटात कुठेच नसतं. हा फोन उपचार करणाऱ्या डॉक्टरनेच करायचा असतो, आईबापांनी नाही. अमेरिकेबाहेरच्या बाळांसाठीही हे औषध गेलेलं आहे, त्यामुळे पुण्या-मुंबईच्या डॉक्टरांनाही हीच वाट.

आमच्या डॉक्टरांनी दुपारी पाऊणला फोन लावला. पलीकडच्या डॉक्टरांनी वीसेक मिनिटं बारीक चौकशी केली : शी शेवटची कधी, बाहुल्या दमतात का, गॅग (घशाला काही लागलं की येणारी उबळ) येतो का, पाठीतलं पाणी कसं होतं. एसएमए, मायस्थेनिया, गिलां-बारे असे नसा-स्नायूंचे आजार, चयापचयाचे आजार, हे सगळं चर्चेत आलं. ईएमजी, म्हणजे स्नायूंतल्या विजेच्या सिग्नलांची तपासणी, करायची का, असाही विषय निघाला. त्यात छोटे, कमी उंचीचे सिग्नल आणि भरभर उत्तेजना दिली की वाढत जाणारा प्रतिसाद दिसतो. पण तो नॉर्मल आला म्हणून आजार नाही असं होत नाही, आणि बाळाला सुया टोचाव्या लागतात. आमच्याकडे तो केलाच नाही. शेवटी पलीकडून सांगितलं गेलं ते हे, की रिपोर्टची वाट बघू नका, लक्षणांवरून शंका पक्की असेल तर औषध मागवा.

याला कारण आहे. औषध रक्तात फिरणारं विष निकामी करतं. नसेत शिरून बसलेलं विष काढू शकत नाही. जितका उशीर, तितक्या नसा हातच्या गेल्या. १९९२ ते १९९७ या काळात कॅलिफोर्नियात १२२ बाळांवर याची चाचणी झाली, अर्ध्यांना औषध आणि अर्ध्यांना नुसतं साधं इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे बोटुलिझमवरच्या खास अँटिबॉडी नसलेलं. हॉस्पिटलातला सरासरी मुक्काम ५.७ आठवड्यांवरून २.६ आठवड्यांवर आला. त्याच्या जोरावर ऑक्टोबर २००३ मध्ये परवाना मिळाला.

कागदपत्रांत हॉस्पिटलच्या फार्मसीला राज्याबरोबर एक इन्व्हॉइस आणि खरेदी-करार सही करून पाठवावा लागतो, त्यानंतरच औषध निघतं. सही करणारा अधिकारी कोण, यात आमचे पावणेदोन तास गेले. चार्ज नर्सला मी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तिने स्वतः खाली फोन फिरवला. विचारत राहा, लाजू नका. इन्शुरन्सच्या मंजुरीसाठी औषध अडत नाही, कारण विकत घेतं ते हॉस्पिटल. किंमत एका बाळाच्या उपचाराची मिळून असते : २००३ साली ४५,३०० डॉलर होती, २०२५ मध्ये ६९,३००. आकडा ऐकून पोटात गोळा येतो. पण त्याच चाचणीत औषध मिळालेल्या बाळांचा हॉस्पिटलचा खर्च सरासरी ८८,६०० डॉलरने कमी झाला होता.

१७ तारखेला सकाळी सव्वासातला खोका आला. आत काचेच्या छोट्या बाटल्यांत पांढरी कोरडी भुकटी. निर्जंतुक पाणी घालून बाटली हलवत नाहीत, फेस होतो. हळूच गोल फिरवून ठेवून देतात आणि विरघळायला अर्धा तास लागतो. भुकटी पाण्यात कालवल्यापासून दोन तासांत सलाइन सुरू आणि चार तासांत संपलं पाहिजे, असा नियम. मात्रा किलोमागे असते आणि लॉटनुसार बदलते, ती पत्रकात पाहतात. पहिली पंधरा मिनिटं निम्म्या वेगाने, काही त्रास नाही असं पाहून मग पूर्ण वेगाने. ९ वाजून ४० मिनिटांनी सुरू झालं, अकराच्या आत संपलं. आयुष्यात एकदाच. हे औषध बनतं ते बोटुलिनमची लस घेतलेल्या स्वयंसेवकांच्या प्लाझ्मापासून. त्यातले बरेच जण या विषावर काम करताना संरक्षण म्हणून लस घेतलेले प्रयोगशाळेतले लोक. कोण होते कुणास ठाऊक, पण त्या सकाळी त्यांची फार आठवण काढली.

तपासणीसाठी शी हवी होती, आणि शीच तर होत नव्हती. अशा वेळी निर्जंतुक पाण्याचा छोटा एनिमा देतात. पाण्यात जंतुरोधक मिसळलेलं नको, नाहीतर तपासणी बिघडते. पहिल्या दोन खेपांना नुसतं पाणी परत आलं. तिसऱ्या वेळी, १७ च्या रात्री, नर्सने डायपर उघडला आणि अगदी सोनं सापडल्यासारखी ओरडली. वाटाण्याएवढी शी. तेवढी पुरते. ती डबीत, थंड पिशवीत घालून राज्याच्या प्रयोगशाळेत गेली. तिथे अजूनही मुख्य चाचणी उंदरांवर होते : नमुन्याचा अर्क टोचतात, आणि कुठल्या प्रकारच्या प्रतिविषाने उंदीर वाचतो त्यावरून विषाचा प्रकार ठरतो. २१ ऑक्टोबरला फोन आला, प्रकार ए. तोवर औषध देऊन चार दिवस झाले होते. रिपोर्टसाठी थांबलो असतो तर?

त्याच दिवशी काउंटीच्या आरोग्य खात्यातून फोन आला. बोटुलिझमची नोंद कायद्याने ताबडतोब करावी लागते, त्यामुळे हा फोन येणारच, घाबरू नका. प्रश्नावली तासभर चालली. बाळाने काय काय तोंडात घातलं, घराजवळ बांधकाम आहे का, अंगण खणलंय का, घरातलं कुणी मातीत काम करतं का, कुठे प्रवास केला. आणि मध.

इथे सासूबाईंचा चेहरा उतरला. पुण्याहून येताना त्या गुटीची पेटी घेऊन आल्या होत्या. वेखंड, मुरुडशेंग, बाळहिरडा, जायफळ, हळकुंड, ज्येष्ठमध, सहाणेवर प्रत्येकी दोन-दोन वळसे, आणि वर बोटाच्या टोकाएवढा मध. दोनदाच दिली होती, सप्टेंबरच्या शेवटी. मी फोनवर ते जसंच्या तसं सांगितलं, ‘गुटी’ शब्दाचं स्पेलिंग तीनदा सांगितलं. पलीकडची बाई अजिबात रागावली नाही. तिने सांगितलं की मध हा टाळता येण्यासारखा एकमेव ठाऊक असलेला स्रोत आहे म्हणून तो विचारतात, पण बहुतेक बाळांनी मध चाखलेलाही नसतो, आणि बीजाणू कुठून आले ते कळतच नाही. मधाची बाटली तेवढी तपासणीला मागवून घेतली.

तरीही माझं मत सांगते. वर्षाच्या आत मध नको, जन्मल्यावर चाटवायचा थेंबसुद्धा नको. मध उकळून काही उपयोग नाही. विष ८५ अंशांवर पाच मिनिटांत मरतं, पण बीजाणू उकळत्या पाण्यातूनही जगतात, त्यांना प्रेशरखाली १२१ अंश लागतात. गुटीतली मुळं जमिनीतली, वाळवलेली. पाण्यात उगाळून त्यांच्यावरचे बीजाणू कमी होत नाहीत. ‘आपल्याकडे वर्षानुवर्षं देतात, कुणाला काही झालं नाही,’ असं नातेवाईक म्हणणारच. आपल्याकडे तपासलं किती जातं, हा खरा प्रश्न. १९९६ मध्ये गुजरातेत एका निवासी शाळेतली ३४ मुलं आजारी पडली होती, तो बोटुलिझम असावा असं निदान झालं, आणि संशय शेवेवर होता. शेवेतून बोटुलिझम होईल असं कुणाच्या डोक्यात तरी आलं असतं का?

औषध दिल्यावर संध्याकाळपर्यंत बाळ हातपाय झाडेल अशी आमची समजूत होती. तसं होत नाही. १८ आणि १९ तारीख उलट सगळ्यात वाईट गेल्या, गॅग जवळपास नाहीसा, लाळ सारखी सक्शन करावी लागायची. व्हेंटिलेटर उशाशी आणून ठेवला होता. औषधाने आजार पुढे सरकायचा थांबतो. परतीची वाट नसांची नवी टोकं फुटतील तशी, आठवड्यांनी. आमच्या बाळाला श्वासाची नळी घालावी लागली नाही, बऱ्याच बाळांना लागते.

या काळात उपचार म्हणजे निगा. पाळण्याचा तळ सपाट आणि कडक ठेवून अख्खा पाळणाच डोक्याकडून ३० अंश उचलतात, मानेखाली कापडाची छोटी गुंडाळी. गाडीच्या सीटमध्ये किंवा मांडीवर अर्धवट बसवलं तर छाती दुमडते, मान पुढे पडते आणि श्वासनलिका दबते. भेटायला आलेल्यांना हे शंभरदा सांगावं लागतं. लघवी पूर्ण होत नाही, म्हणून नर्स दर डायपरला ओटीपोट हलकेच दाबायची. रक्तातलं सोडियम खाली जाऊ शकतं, ते रोज बघायचे. सर्दी झालेला कुणीही खोलीत नको.

नाकातल्या नळीतून दूध १८ तारखेपासूनच सुरू झालं, तासाला ५ मिलीने. आईचं दूधच द्यायला सांगतात. मी दर तीन तासांनी पंप करत होते. हॉस्पिटलचा मोठा पंप मागून घ्या, घरचा पुरत नाही. बाटलीवर तारीख-वेळ लिहायचं स्टिकर नर्सकडे मिळतं. दूध पाजणाऱ्या आईला जेवणाची कुपनं आणि पार्किंगचा सवलतीचा पास, दोन्ही सोशल वर्करकडे होतं. आम्हाला हे सहाव्या दिवशी कळलं, तोवर रोजचे १५ डॉलर गेले.

२२ ला सक्शन करताना गॅग आला. खोलीत सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि बाळ बिचारं ओकारी आल्यागत कसनुसं तोंड करत होतं. २४ ला हाय-फ्लो निघाला. २५ ला उजवी-डावी पापणी सारखीच वर. २७ ऑक्टोबरला लक्ष्मीपूजन. पीआयसीयूत पणती लावता येत नाही. बॅटरीवरचा दिवा खिडकीत ठेवला तर बाळाने मान न हलवता नुसते डोळे तिकडे नेले आणि तिथेच ठेवले. बराच वेळ. ३० ला स्पीच थेरपिस्टने १० मिली बाटलीतून दिलं. हसू २ नोव्हेंबरला, तेही तिरकं. शी मात्र सगळ्यात शेवटी मार्गी लागली, डिसेंबरात. आजार शीपासून सुरू होतो आणि शीवर संपतो.

घरी सोडायची घाई करू नका, आम्हीही केली नाही. गिळणं पक्कं नसताना घरी गेलेली काही बाळं थोड्याच दिवसांत परत खालावतात. सलग तीन दिवस सुधारणा दिसल्यावर ४ नोव्हेंबरला नाकातली नळी तशीच ठेवून घरी आलो. नळी जागेवर आहे का हे आतला थेंब पीएच पट्टीवर टाकून पाहायचं, हे आम्हा दोघांकडून तीन-तीनदा करून घेतलं होतं. १४ ला नळी निघाली. बरी झालेली बाळं शीतून जीवाणू आणि विष आठवडे, कधी महिनेही बाहेर टाकत राहतात. म्हणून डायपर बदलल्यावर साबणाने हात, हाताला जखम असेल तर हातमोजे, आणि इतर तान्ह्यांबरोबर एकाच पाळण्यात किंवा एका खेळण्याशी खेळणं बंद.

पैशांचं थोडक्यात. हॉस्पिटलचं बिल लाखांत, पण आमच्या प्लॅनची वर्षाची स्वतःच्या खिशातली मर्यादा ४,००० डॉलर होती, ती पहिल्याच दिवशी भरली. त्यानंतर डिसेंबरअखेरपर्यंतचं सगळं फुकट. फिजिओथेरपीच्या जितक्या भेटी ३१ डिसेंबरच्या आत बसतील तितक्या बसवल्या, कारण १ जानेवारीला डिडक्टिबल (इन्शुरन्सआधी आपण भरायची रक्कम) पुन्हा शून्यापासून. पीआयसीयूतल्या एका डॉक्टरांचं वेगळं, नेटवर्कबाहेरचं १,१४० डॉलरचं बिल आलं. ते न भरता इन्शुरन्सला इमर्जन्सी दाखल्याचा कागद जोडून अपील केलं, सात आठवड्यांनी रद्द झालं.

रजेसाठी नवऱ्याने राज्याची पेड फॅमिली लीव्ह घेतली. फॉर्म डीई २५०१ एफ, रजेच्या पहिल्या दिवसापासून ४१ दिवसांच्या आत भरायचा. ऑनलाइन होतो, पण त्यातला डॉक्टरांचा भाग डॉक्टरांनीच भरावा लागतो, आणि तिथेच तो अडकतो. बाळ हॉस्पिटलात असतानाच भरून घ्या. घरी आल्यावर त्या डॉक्टरांना गाठणं कठीण. तेव्हा सहा आठवडे मिळायचे, जुलै २०२० पासून आठ मिळतात.

लसींचं एक राहिलं. बेबीबिगमधल्या अँटिबॉडी महिनोन्महिने टिकतात, त्यामुळे गोवर आणि कांजिण्यांची जिवंत लस सहा महिने देता येत नाही. रोटाव्हायरसची आणि बाकीच्या लसी वेळेवर चालतात. एरवी गोवराची लस वर्षाची झाल्यावरच असते, म्हणून फरक पडत नाही. पण आमची फेब्रुवारी २०२० ची पुण्याची तिकिटं काढलेली होती, आणि परदेशी जाणाऱ्या बाळाला गोवराचा एक डोस सहा महिन्यांनंतर आधीच देतात. तो देता येईना. डॉक्टर म्हणाल्या, १७ एप्रिलनंतर जा. आम्ही तिकिटं मेची करून घेतली, आणि २०२० च्या मेमध्ये कोण कुठे गेलं ते सांगायला नको.

मधाच्या बाटलीचा रिपोर्ट १२ डिसेंबरला आला. काही सापडलं नाही. गुटीची मुळं त्यांनी मागवली नव्हती, आणि घरातली धूळही नाही. सासूबाईंना मी रिपोर्ट वाचून दाखवला. त्यांनी तो पुन्हा एकदा वाचायला सांगितला, मग उठून सहाण आणि पेटी कपड्यात गुंडाळली आणि बॅगेच्या तळाशी ठेवली.